डबा नवा, पीठ जुनं

कुंदाताई पौनीकर फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत, ‘जेवले का?’ म्हणत. पलीकडे इतवारीतला डाळीचा व्यापारी असो, रामटेकचा राईसमिलवाला असो की खुद्द आमचे साहेब असोत, आधी जेवणाची चौकशी आणि मग कॉम्प्युटरची. पलीकडचा माणूस “ताई, सगळं बंद पडून राहिलं ना इथं!” म्हणून रडकुंडीला आलेला असायचा आणि ताई शांतपणे विचारायच्या, “ते पाहू. भाजी कायची होती?” मी नोकरीत नवा होतो तेव्हा मला हे चाळे वाटायचे. एकदा तसं बोललोही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“सुधीर गा, उपाशी माणूस काय झालं ते सांगत नाही, नुसता बोंबलते. जेवलेला माणूस बराबर सांगते. करून पाय.”

मी करून पाहिलं आणि मुकाट्याने ती सवय लावून घेतली. आजही मी फोनवर आधी जेवणाचंच विचारतो, आणि नवीन मुलं माझ्याकडे तशीच बघतात.

आमचं ऑफिस नागपुरात, इतवारीच्या मागच्या गल्लीत, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली दिवसभर पातेली आदळत, वर आम्ही बसायचो. धंदा म्हणजे दुकानांना हिशेबाचे आणि गिरण्यांना वजनकाट्याचे प्रोग्राम विकायचे, आणि ते बिघडले की जाऊन नीट करायचे. विकायचं काम साहेबांचं. नीट करायचं काम ताईंचं. साहेबांचं काम एकदाच असे, ताईंचं जन्मभराचं.

त्या बुटक्या आणि चांगल्या रुंद होत्या. सुती साडी, तिला खांद्यावर मोठी पिन, आणि खाली पांढरे स्पोर्ट शूज. स्कूटीवर बसताना पदर कमरेला असा काही खोचायच्या की सिग्नलवरचा ऑटोवालाही आपोआप बाजूला सरे. माहेर उमरेडचं, वडिलांचा हातमाग. लग्न होऊन नागपुरात आल्या, बऱ्याच वर्षांनी एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायला लागल्या. क्लासमधले टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले आणि ते बिघडले की मेकॅनिक कधी येतोय याची वाट बघायचा त्यांना कंटाळा आला. म्हणून स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतःच उघडायला लागल्या. याहून जास्त चरित्र मला ठाऊक नाही आणि त्यांनी कधी सांगितलंही नाही.

नम्रता हा प्रकार ताईंच्या वाट्याला आला नव्हता. “नागपुरात माझ्याइतकं कोणाले येते, एक नाव सांग,” असं त्या भर ऑफिसात विचारायच्या आणि उत्तरासाठी खरंच थांबायच्या. कोणी नाव सांगितलंच, तर “तो? त्याले मीच शिकवलं,” असं म्हणायच्या, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं. राग आला की मशीनला शिव्या देत नसत, मालकाला देत. बिघाड सापडत नसला की घाईघाईने सगळं पुसून नव्याने टाकणारे इंजिनियर त्यांना मुळीच खपत नसत. “धागा तुटला तर माग तोडत नाही गा कोणी. धागा शोधा लागते,” हे त्यांच्या वडिलांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्या न पाहिलेल्या गृहस्थांचा आवाज मला ओळखता येईल.

आणि एक हट्ट होता. फुकटातली, कुलूप तोडलेली सिस्टीम त्या कुणाच्याही मशीनमध्ये टाकत नसत. आता हे वाचून हसाल. बाजारात निम्मी मशीनं तसल्याच सिस्टीमवर चालायची. गिऱ्हाईक म्हणे, “ताई, शेजारच्यानं तर पेनड्राईव्हवरून टाकून घेतली.” ताईंचं उत्तर ठरलेलं. “चोरीचं लुगडं नेसून देवळात जाता येते. पण कोणी ‘कुठून घेतलं वं’ म्हटलं का घाम फुटते. मले घाम नाही पाहिजे.” मग त्या मालकाला रीतसर लायसन्स घ्यायला लावायच्या आणि सिस्टीम ऍक्टिव्हेट करून द्यायच्या. ऍक्टिव्हेट करणं म्हणजे, ही प्रत विकत घेतलेली आहे आणि याच मशीनवर चालते आहे, अशी कंपनीकडे ओळख पटवून घेणं. ओळख पटली नाही तर सिस्टीम एक तर सारखी टोकत राहते, नाही तर दारातच अडवते.

एकदा इतवारीतल्या एका डाळीच्या दुकानात ही ओळख इंटरनेटवरून पटेना. तेव्हा दुसरा मार्ग होता फोनचा. फोन लावायचा, पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई बोलते, तिला पडद्यावरचा भलामोठा आकडा वाचून दाखवायचा. दुकानासमोर हातगाड्या, टेम्पो, हमालांचा आरडाओरडा. ताईंनी आकडे वाचायला सुरुवात केली की बाहेरून कोणीतरी ‘बाजू! बाजू!’ ओरडे आणि फोनमधली बाई म्हणे, माफ करा, समजलं नाही. तिसऱ्यांदा असं झाल्यावर ताई फोन घेऊन उंबऱ्यावर गेल्या.

“ए भाऊ! थांबवा तो गाडा! इथं नंबर सांगून राहिली मी!”

गल्ली थांबली. खरोखर थांबली. पोत्याखाली वाकलेले हमाल तसेच उभे, टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. त्या शांततेत ताईंनी अख्खा आकडा खणखणीत वाचला. मधेच बाई परत बोलायला लागली तेव्हा म्हणाल्या, “थांबा वं बाई, मधातच नका बोलू. माझं होऊ द्या.”

“ताई, ते रेकॉर्डिंग आहे,” व्यापारी हळूच म्हणाला.

“असन. पण कोणी बाई बोलली तवाच रेकॉर्ड झालं ना?”

काम झाल्यावर फोन ठेवताना त्यांनी बाईला जेवून घ्यायला सांगितलं. मग गल्लीकडे वळून म्हणाल्या, “चला आता, काहून थांबले?”

जुन्या प्रोग्रामांची तर त्यांना माया होती. गिरण्यांचे कितीतरी प्रोग्राम जुन्या सिस्टीमवरच चालणारे, आणि ती जुनी सिस्टीम नव्या मशीनवर बसत नाही. अशा वेळी नव्या मशीनच्या आत, नुसत्या प्रोग्रामच्या जोरावर, एक दुसरं मशीन उभं करता येतं. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्या जुन्या सिस्टीमला वाटतं आपण खऱ्याच मशीनवर आहोत. हे मला इंजिनियरिंगला एका अख्ख्या विषयात शिकवलं होतं. ताईंनी ते रामटेकच्या राईसमिलच्या मालकाला चहा निवायच्या आत समजावलं.

“तुमच्या घरी भाडेकरू आहे?”

“आहे ना. वरच्या माळ्यावर.”

“त्याले काय वाटते? घर आपलंच. दार लावते, कडी घालते. पण पाणी तुमच्या टाकीतलं, लाईट तुमच्या मीटरवरची, अन् घड्याळ पाहाचं झालं तर तुमच्या भिंतीवरचं. तसंच हे. बाहेरचं मशीन मालक, आतलं भाडेकरू.”

मालकाने खूप विचार केला. “अन् भाडं?”

“भाडं मले द्या,” ताई म्हणाल्या आणि चहा संपवला.

आता सावनेरची गोष्ट सांगतो, कारण ताई म्हटलं की मला तोच दिवस आठवतो.

आमचे देशकर साहेब मनाने वाईट नव्हते. पन्नाशी उलटलेल्या बाईने उन्हातान्हात स्कूटीवर सावनेर-रामटेक करू नये असं त्यांना मनापासून वाटे. त्यांनी दोन तरुण इंजिनियर घेतले, एक गाडी घेतली, आणि ताईंना सांगितलं की आता तुम्ही ऑफिसात, पंख्याखाली, फोनवर बसा. दया दाखवून कुणाचा अपमान करायचा असेल तर तो असा करावा. ताई काहीच बोलल्या नाहीत, आणि ताई बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे ऑफिसातल्या मांजरालाही कळत होतं. त्या दिवशी जिन्यात त्यांनी मला गाठलं.

“फोनवर नुसता आवाज येते गा. माणूस कुठं दिसते? टेबलाखाली त्यानं काय कोंबून ठेवलं ते कुठं दिसते?” मग म्हणाल्या, “अन् खरं सांगू? मले रस्ता पाहिजे. लग्न झाल्यावर कितीक वर्ष मी आमच्या गल्लीच्या टोकापुढं एकटी गेली नव्हती. आता गाडीवर बसली का मी कोणाची सून नाही, कोणाची माय नाही. मी कुंदा पौनीकर, मशीनवाली.”

त्याच सुमारास सावनेरच्या भोयर जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीचा, काट्याचा कॉम्प्युटर मेला. जिनिंगचा हंगाम दसऱ्याला काटापूजन करून सुरू होतो, पण काटा बारा महिने चालतो. कोळशाचे ट्रक, सोयाबीनचे टेम्पो तिथेच वजन करतात. साहेबांचं मत होतं की मालक भोयरांना नवीन प्रोग्राम विकावा. ताई म्हणाल्या, जुन्याची डिस्क शाबूत आहे, मी तेच मशीन नव्याच्या आत बसवून देते. बराच वाद झाला. शेवटी साहेब म्हणाले, “ठीक आहे ताई. एका दिवसात चालू करून दाखवा. जमलं तर फिल्ड तुमच्याकडे. नाही जमलं तर दसऱ्यापासून फोन.”

ताईंनी ऑफिसात आतलं मशीन तयार केलं, ते सुरू केलं, त्याची ओळखही पटली. सगळं एका डिस्कवर घेतलं. ती डिस्क जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा माझ्या मांडीवर दिला. मी मागे, त्या पुढे, अशी आमची स्वारी सकाळी सावनेरला पोचली.

पितृपक्ष चालू होता आणि नेमकी त्याच दिवशी भोयरांच्या वडिलांची तिथी होती. जिनिंगच्या आवारातच घर, त्यामुळे वड्यांचा वास थेट काट्याच्या खोलीपर्यंत येत होता. काटा सांभाळायला नामदेवभाऊ होते. पांढरी टोपी, कपाळाला गंध, कमी बोलणारा माणूस. कॉम्प्युटर बंद पडल्यापासून ते हाताने पावत्या फाडत होते आणि बाहेर ट्रकांची रांग वाढत होती. नवं मशीन टेबलावर कोरं करकरीत उभं होतं. त्याच्याकडे ते जरा लांबूनच बघत होते.

ताईंनी डिस्कवरून सगळं नव्या मशीनमध्ये उतरवलं आणि सुरू केलं. पडद्यावर एक प्रश्न आला.

“काय म्हणून राहिलं ताई ते?” नामदेवभाऊंनी विचारलं.

“विचारून राहिलं का हे मशीन तुम्ही इकडं हलवलं, का याची कॉपी केली.”

“मंग?”

“मंग काय, खरं ते सांगाचं. एक ऑफिसात आहे, एक इथं. कॉपीच झाली ना.”

“म्हणजे हे नवीन?”

“हो, नवीनच समजा,” असं म्हणून ताईंनी ‘कॉपी’वर बोट ठेवलं.

सिस्टीम सुरू झाली आणि दारातच अडून बसली. आधी ओळख पटवा, मग आत या. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. “नवीन घरी आलं का विचारतेच,” म्हणाल्या. तेवढ्यात भोयरांनी चहाला हाक मारली. चहा पिऊन आलो, ताईंनी ऍक्टिव्हेटवर टिचकी मारली, तर संदेश आला की तारीख चुकीची आहे. पाहतो तर आतल्या मशीनच्या कोपऱ्यात दसऱ्याची तारीख. आम्ही पितरांत आणि मशीन विजयादशमीत!

ताईंनी आतली तारीख नीट केली. बघता बघता ती परत दसऱ्यावर गेली. “भाडेकरूले काय सांगून राहिली मी, घड्याळ तर मालकाचं आहे,” असं स्वतःलाच म्हणत त्यांनी बाहेरच्या मशीनची तारीख नीट केली. आता पुन्हा ओळख पटवणार, तर जेवणाचं बोलावणं. कावळा शिवला होता, पानं वाढली होती. श्राद्धाच्या पानाला नाही म्हणता येत नाही, आणि ताई तर कुठल्याच पानाला नाही म्हणत नसत. कढी, वडे, खीर, सगळं झालं. परत आलो तर मशीनमध्ये पुन्हा दसरा.

आता मात्र ताईंचा चेहरा उतरला. मी म्हणालो मशीनमधली बॅटरी खराब असेल. त्यांनी मान हलवली. “बॅटरी खराब असली तर घड्याळ मागं जाते गा. हे पुढं गेलं. अन् जाऊन जाऊन नेमकं दसऱ्यालेच?”

बाहेर हॉर्न सुरू झाले होते. भोयर आत आले, पान चघळत. भला माणूस, पण धंदा अडलेला. “ताई, नाराज नका होऊ. आमच्या साळ्याचं इतवारीत दुकान आहे. पेनड्राईव्ह भेटते त्याच्याकडं. पाच मिनिटांत कुलूप तुटते म्हणे. काहून जीव आटवून राहिल्या?”

“ते टाकाचं असन तर मी आत्ता गाडीले किक मारते,” ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे भोयर एक पाऊल मागे सरकले. त्याच वेळी साहेबांचा फोन आला. ताईंनी तो वाजू दिला. मला त्यांच्याकडे बघवेना. ऑफिसातली ती पंख्याखालची खुर्ची मला तिथे, काट्याच्या खोलीत दिसायला लागली होती.

ताई खुर्चीत मागे टेकल्या, माऊसवर हात ठेवला आणि उचलून बोटं पाहिली. बोटांना कुंकू लागलं होतं. माऊसच्या पाठीवर बारीकसं बोट टेकवलेलं होतं, पुसट, जणू कुणी कुणाला दिसू नये म्हणून लावलं असावं.

त्यांनी नामदेवभाऊंकडे पाहिलं. रागाने नाही. “भाऊ, जेवले का?”

“नाही,” नामदेवभाऊ म्हणाले. “तुम्ही सारे जेवाले गेले तवा मी इथंच होतो.” मग टोपी काढून हातात घेतली. “ताई, ते तारखेचं मीच केलं. दोन्ही खेपा.”

भोयर काही बोलणार होते. ताईंनी नुसता हात वर करून त्यांना थांबवलं.

“मागं मालकानं पितरातच गाठी बांधाचा नवीन प्रेस चालू केला होता. मी नको म्हटलं. पूजा नाही, नारळ नाही. आठ दिवसांत हे असं झालं.” नामदेवभाऊंनी उजवा हात पुढे केला. त्याला दोन बोटं नव्हती. “तुम्ही म्हटलं हे नवीन आहे. आता तुमचं काम मी कसं थांबवू? म्हटलं, मशीनले तरी वाटू द्या का दसरा आहे.”

कुणीच हसलं नाही. भोयर खिडकीकडे बघायला लागले. ताईंनी तो हात आपल्या हातात घेतला, नीट पाहिला, आणि सोडला. मग माझ्यासमोरचा स्टीलचा डबा ओढून टेबलावर ठेवला.

“भाऊ, मी बाजारातून नवीन डबा आणला अन् त्यात घरचंच पीठ टाकलं. पीठ नवीन झालं का?”

“नाही. पीठ जुनंच.”

“मंग हे तेच आहे. गेल्या दसऱ्याले तुम्ही ज्याले कुंकू लावलं तोच हा काटा, तोच हिशेब, तेच मशीन. त्याची पूजा झालेली आहे. फक्त डबा बदलला.”

नामदेवभाऊंनी हे मनाशी घोळवलं. पटल्यासारखं वाटलं. पण मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “मंग ताई, सकाळी त्यानं विचारलं तवा तुम्ही कॉपी काहून सांगतलं?”

 ताईंनी कपाळावर अशी थाप मारली की कपाळावर कुंकवाची बोटं उमटली. “अरे बाप्पा! मीच सांगतलं त्याले नवीन आहे म्हणून!” आणि त्या हसायला लागल्या. काट्यावर उभा असलेला ट्रक ड्रायव्हर आत डोकावून गेला इतक्या हसल्या.

गोम अशी होती. ‘कॉपी’ म्हटलं की आतल्या मशीनला नवा क्रमांक मिळतो, म्हणजे ते नवं मशीन ठरतं. ओळख पटली होती ती ऑफिसातल्या जुन्या क्रमांकाची, आणि एका लायसन्सवर एकच मशीन चालतं. तारीख नीट राहिली असती तरीही सिस्टीमने ताईंना दारातच अडवलं असतं. ‘हलवलं’ म्हटलं असतं तर जुना क्रमांक, जुनी ओळख, सगळं तसंच राहिलं असतं. मी म्हणालो, “सोपं आहे ताई. परत उतरवू आणि ‘हलवलं’ म्हणू.”

“म्हणू कसं? ऑफिसात एक बसून आहे ना. खोटं होईन ते.” त्यांनी साहेबांना फोन लावला. स्पीकर चालू होता. “साहेब, जेवले का?... बरं. सावनेरचं जे मशीन ऑफिसात आहे ना, ते मिटवा.”

“मिटवा? ताई, तीच एक चालणारी प्रत आहे!”

“एका नावाची दोन माणसं एका लायसन्सवर राहत नाही साहेब. तुमचं मिटलं का मी हे इथं आणलं असं म्हणता येईन.”

“आणि नाही चाललं तर?”

“तर उद्यापासून मी फोनवर बसते,” ताई म्हणाल्या. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पलीकडे पंख्याच्या आवाजात कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग साहेब म्हणाले, “मिटवलं.” ताईंनी मान डोलावली, इथली सकाळची प्रतही पुसली, बाहेरच्या मशीनची तारीख नीट केली आणि डिस्कवरून ते मशीन उतरवलं. तेही कॉपी करून नाही, कट करून. म्हणजे डिस्कवरून निघत निघत इकडे येत होतं. या मधल्या वेळात वीज गेली असती तर भोयरांचा काटा कुठेच उरला नसता. असं कुणी करू नये, हे मी आज शिकवायला बसलो की पहिल्या दिवशी सांगतो. पण त्या दिवशी काम किती झालं ते दाखवणारी निळी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती आणि भोयर, नामदेवभाऊ, मी आणि दारात जमलेले दोन ट्रक ड्रायव्हर, कुणीही श्वास सोडत नव्हतं. ताई तेवढ्या नामदेवभाऊंना सांगत होत्या की वड्यांत जिरं जास्त पडलंय, पण खीर खाऊन घ्या.

पट्टी पुरी झाली. ताईंनी सुरू केलं. तोच प्रश्न आला. हलवलं की कॉपी केली?

“भाऊ, तुम्ही सांगा त्याले,” ताई उठून बाजूला झाल्या.

नामदेवभाऊ बसले. तीन बोटांच्या हाताने माऊस धरला आणि ताईंनी दाखवलेल्या ‘हलवलं’वर टिचकी मारली. सिस्टीम उघडली. काही विचारलं नाही, कुठे अडवलं नाही. जुन्या काट्याचा तो ओळखीचा हिरवा पडदा आला, कोपऱ्यात पितृपक्षातली खरी तारीख, आणि मधोमध बाहेर उभ्या असलेल्या कोळशाच्या ट्रकचं वजन झळकलं. भोयरांनी टाळी वाजवली. ड्रायव्हर म्हणाला, “अब तो पर्ची दे दो भाई!” नामदेवभाऊंनी पावती काढली, ड्रायव्हरला दिली, आणि मग पहिल्यांदा जेवायला गेले.

  येताना पाटणसावंगीजवळ ताई एकदम म्हणाल्या, “पाहिलं ना? फोनवर कुंकू दिसलं असतं का मले?” मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला, आणि त्यांना तो माझ्याहून जास्त वाटत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर बॅकअप घेतला, त्यावर ‘हे सुरू करायचं नाही’ अशी चिठ्ठी डकवली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटली. साहेबांनी गाडीची किल्ली पुढे केली. ताईंनी ती परत सरकवली. “गाडी पोट्ट्यांले द्या. मले फक्त पेट्रोल द्या.”

त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या हिंडल्या. निवृत्त झाल्यावर मुलीकडे रायपूरला राहायला गेल्या. आता फोनवर बोलणं होतं, पण मला त्या शेवटच्या दिसल्या त्या निवृत्तीच्याच दिवशी.

माडीवर समारंभ ठेवला होता. समोसे आले, हार आला, साहेबांनी शाल आणली, आणि ताईंचा पत्ता नाही. सकाळीच भोयरांचा फोन आल्यामुळे त्या सावनेरला गेल्या होत्या आणि तिथे त्यांची स्कूटी बंद पडली होती. मला गाडी देऊन आणायला पाठवलं. सावनेरच्या फाट्यावर पोचतो तर समोरून कापसाचा टेम्पो आला, गच्च भरलेला, दोरखंडाने आवळलेला. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी ताई बसल्या होत्या. मला बघून त्यांनी टेम्पो थांबवायला लावला.

“ताई, चला! सगळे थांबलेत.”

“थांबू दे. समोसे खा म्हणा. कळमेश्वरच्या काट्यावर मशीन अडलं, हा भाऊ तिकडंच चालला.”

“ताई, आज शेवटचा दिवस आहे तुमचा!”

“म्हणून तर. संध्याकाळपर्यंतचा पगार आहे ना माझा,” त्या म्हणाल्या. “शाल साहेबाच्या खुर्चीवर ठेव. येते म्हणा.”

टेम्पोने गिअर टाकला आणि कळमेश्वरच्या रस्त्याला वळला. मागे कापसाचे पुंजके उडत रस्त्यावर पडत होते. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं नाही. त्या पुढे झुकून समोर बोट दाखवत होत्या आणि टेम्पोच्या आवाजावर त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, “डाव्या अंगानं घ्या भाऊ, पुढं खड्डा आहे, मले माहीत आहे हा रस्ता.”